टोपल्यावरचं दहिवर

दिवस उगवला तरी प्रयागबाईचा जीव थाऱ्यावर नव्हता. शेतकी खात्याच्या साहेबानं तिच्या मळ्यात स्ट्रॉबेरी लावली होती आणि बजावलं होतं, “दहिवर पडलं तरी धूर करायचा नाही, झाकायचं नाही. जे रोप जगेल, त्याचंच बेणं वाशीमभर लावू.” रात्री गोठलेल्या दहिवरानं वाफे काळेठिक्कर पडले होते, एकच रोप हिरवं राहिलं होतं. “सापडलं, बाई!” साहेब पोरासारखा ओरडला आणि रोपाला लाल दोरा बांधू लागला. प्रयागबाई टोपलं या काखेतून त्या काखेत घेत राहिली. टोपल्याच्या पाठीवरचं दहिवर वितळून तिच्या मनगटावर गळत होतं. शेवटी राहवेना. “सायेब, म्या झाकलं होतं त्याले.” दोरा साहेबाच्या हातातच राहिला. “एवढं सांगूनही? का?” रोपानं लांब दांडी सोडून टोकाला इवल्या रोपाचं पिल्लू धरलं होतं. प्रयागबाईनं तिकडे बोट दाखवलं. “लेकुरवाळी होती ना थे!”