टेहळ्याचा शेवटचा प्रसंग

"काकू आत कशाला?" निर्माते म्हणाले. "गोष्टीत विमानाला बायको आहे का?"

ध्वनिमुद्रक हसला. दिग्दर्शिकेला हसू आलं नाही. काचेपलीकडच्या खोलीत काकू काकांचा हेडफोन नीट बसवत होत्या. त्यांनी स्टँडवरचे कागद सारखे केले, काकांचा हात कागदावर ठेवला आणि त्यांच्या कानाशी काहीतरी पुटपुटल्या.

"त्या रोज आतच बसतात," दिग्दर्शिका म्हणाली. "आवाज करत नाहीत."

"श्वासाचा येतो थोडा," ध्वनिमुद्रकाने आगीत तेल ओतलं.

"मग इकडे बसू देत. आज शेवटचा दिवस आहे, मला विषाची परीक्षा नको."

चित्रपट लहान मुलांचा, हाताने काढलेल्या विमानांचा. त्यातलं टेहळ्या हे म्हातारं हेर विमान. काम दुय्यम, पण शेवट त्याच्यावर होता. निर्मात्यांना त्यासाठी नावाजलेला नट हवा होता. दिग्दर्शिकेने पूर्वी डबिंग करणाऱ्या आपल्या सख्ख्या काकांसाठी हट्ट धरला, आणि तेव्हापासून 'घरचं कार्य' हा टोमणा तिच्या मागे लागला होता. आज काका अडखळले तर उद्या तो नट यायला तयार आहे, हे निर्मात्यांनी सकाळीच ऐकवलं होतं.

तिने बटण दाबलं. ते दाबल्याशिवाय इकडचं बोलणं आत ऐकू जात नसे.

"काकू, जरा इकडे येता? आज काकांना एकट्यालाच बोलू दे."

काकू लगेच हलल्या नाहीत. मग काकांच्या खांद्यावर थाप मारून बाहेर आल्या आणि मागच्या खुर्चीवर टेकल्या.

"काकू, खरं हेर विमान तुम्हीच," निर्माते म्हणाले. "नवऱ्यावर अशी नजर असते होय?"

"ठेवावी लागते," काकू म्हणाल्या.

पहिला टेक वाया गेला. काका फार जोरात बोलले. दुसऱ्यात मध्येच गप्प झाले आणि घसा खाकरला. निर्मात्यांनी फोन काढून टेबलावर ठेवला. दिग्दर्शिका पेनाचं टोपण काढत होती, घालत होती.

"प्रसंग आज सकाळी बदललाय," ती म्हणाली. "इतर कुणाला दोन दिवस लागले असते."

"सकाळपासून बाहेरच्या बाकावर पाठांतर चाललंय की दोघांचं," निर्माते म्हणाले. " मी पाहिलं ना."

"मीच घेत होते पाठ करून," काकू मागून म्हणाल्या. "शाळेतल्या पोरासारखे टाळतात. मागे लागावं लागतं."

"आणि डबिंग का सोडलं यांनी? मी दोनदा माणूस पाठवला. दोन्ही वेळा नाही."

"कंटाळले," दिग्दर्शिका म्हणाली. "पडद्यावरच्या ओठांकडे बघत, त्यांच्या मापाने बोलायचं. इथे उलटं आहे. आधी आवाज, मग त्यावर चित्र. म्हणून तर हो म्हणाले."

"बघा, मी माणूस वाईट नाही. हे नीट झालं, तर पुढची डबिंगची मालिका काकांच्याच गळ्यात मारतो. वर्षभर घरी बसायला नको. पण आधी हे होऊ दे."

काकूंनी मांडीवरची पिशवी उगाचच उघडली आणि मिटली.

दिग्दर्शिकेने पुन्हा बटण दाबलं. "काका, टेहळ्या ओरडत नाही. तो आयुष्यभर उंचावरून गुपचूप बघत आलाय. आज पहिल्यांदा बोलतोय. खाली टपालाचं पोरगं विमान धुक्यात सापडलंय. त्याला घरी आणायचंय, बस."

"बरं," काका म्हणाले.

लाल दिवा लागला. मग काकांचा आवाज आला, इतका हळू की ध्वनिमुद्रक पुढे वाकला.

"घाबरू नकोस. पंख सरळ ठेव. डावीकडे वळायचं नाही, तिकडे डोंगर आहे."

दिग्दर्शिकेच्या हातातलं टोपण थांबलं.

"मला ठाऊक आहे, तुला काही दिसत नाही. दिसायची गरज नाही. मी बघतो तुझ्यासाठी. तू फक्त माझं ऐक."

तेवढ्यात आतला, स्टँडवरचा दिवा गेला. त्या खोलीला खिडकी नव्हती. काच काळी झाली आणि तिच्यात इकडच्याच चौघांचे चेहरे दिसू लागले.

"आता थोडं खाली ये," काका म्हणत होते. "अजून. हं, शहाणा आहेस."

निर्मात्यांनी तोंडावर हात ठेवला. आवाज कुठे कापला नाही, कुठे चढला नाही. काकू मात्र उठल्या होत्या. खुर्ची ढकलून त्या पुढे आल्या आणि त्यांनी बटणाकडे हात टाकला.

"त्यांना सांगते, आतला दिवा..."

दिग्दर्शिकेने त्यांचं मनगट धरलं. "थांबा काकू," ती कुजबुजली. "सोनं चाललंय. आता तोडू नका."

"अगं, पण त्यांना कळायला..."

"शू."

काकूंनी हात सोडवायचा प्रयत्न केला. दिग्दर्शिकेने तो घट्ट धरून ठेवला. आतून पान उलटल्याचा हलका आवाज आला.

"धावपट्टी समोर आहे. चाकं टेकव. टेकली? मग झालं तर. माझं काय, मी इथे वरच बरा आहे."

ध्वनिमुद्रकाने यंत्र थांबवलं आणि चष्मा काढून पुसायला घेतला. दिग्दर्शिकेने काकूंचा हात सोडला. तिचे डोळे भरून आले होते.

"हरलो बुवा," निर्माते म्हणाले. "नटाला मी आत्ताच कळवतो. आणि काकू, मालिका काकांचीच. उद्यापासून पडद्यासमोर उभं करा त्यांना." त्यांनी स्वतःच वाकून बटण दाबलं. "काका, कमाल केलीत. मला एवढंच सांगा, शेवटी वाचायला त्रास नाही ना झाला?"

"छे," काळ्या काचेमागून काका म्हणाले. "दिवा चांगला आहे."