मामाआजोबांची पाळी

सुनेने परसात स्वतःच्या हाताने लाकडी झोपाळा उभा केला. जाड खांब, प्रत्येक सांध्याला लोखंडी ब्रॅकेट. माझा धाकटा भाऊ पोटावर हात ठेवून बघत होता.

"ताई, कपडे वाळत घालायला बरा आहे. माणूस बसला की थेट जमिनीवर."

सुनेने शेवटचा नट आवळला. "मामा, मग तुम्हीच बसा आधी. तुमचं वजन पेललं तरच मुलांना बसवीन, नाहीतर आजच काढून ठेवीन."

तो चाचपत टेकला. मग त्याने हळूच पाय उचलले. कुठे साधं कुरकुरलंही नाही.

ऊन उतरल्यावर नातवंडं रडवेली होऊन माझ्याकडे आली. "आजी, मामाआजोबा उतरतच नाहीत."

याच माणसाची हीच तक्रार घेऊन मी लहानपणी आईकडे जायचे.