सावलीला न भिणाऱ्या माशा

पुठ्ठ्याची सावली सरकली, तरी नळीतली एकही माशी उडाली नाही. तोतारामनं पुन्हा पुठ्ठा फिरवला. माशा केळ्याला चिकटून खातच राहिल्या.

आषाढभर हेच चाललं होतं. जळगावच्या त्या कॉलेजात तो दोन वर्षं केळ्यावरच्या या बारक्या माशांवर काम करत होता. आदल्या दिवसापासून उपाशी ठेवलेली माशी केळ्यावर बसवायची, वरून सावली फिरवायची आणि ती भिऊन उडते का, ते पाहायचं. आजवर उपाशी माशाही सावली दिसताच उडून गेल्या होत्या. भूक कितीही लागो, भीती सुटत नाही, हा त्याचा निष्कर्ष पुण्याच्या परिषदेत वाखाणला गेला होता. प्रबंध टाइप होऊन तयार होता. आणि आता माशा उलट्या वागत होत्या.

श्रावण लागला त्या सकाळी तो लवकर आला. केर काढणारी मंजुळाबाई उपाशी माशांच्या नळ्यांत कापसाच्या बोळ्यानं गुळाचं पाणी सोडत होती. ती कधी येते, कधी जाते, हे त्यानं कधी मान वर करून पाहिलं नव्हतं.

"हे काय चाललंय?"

ती दचकली. "भाऊ, उपाशी शेतस त्या..."

"गोड चारून माजवल्यास तू माशा! अख्खा महिना मातीत घातलास माझा!"

आवाज ऐकून पोरं दाराशी जमली. मंजुळाबाई पदर तोंडाशी धरून उभी राहिली. दुपारी तिला कामावरून काढलं.

तोतारामनं आषाढाचे आकडे फाडून टाकले आणि प्रबंध विद्यापीठाकडे पाठवून दिला.

आठवड्यानं हेडक्लार्क रतिलाल सहज बोलून गेला, "बहात्तरच्या दुष्काळात मंजुळाबाईचं दूध आटलं. तान्ही पोर गेली. तेव्हापासून कुणाला उपाशी बघवत नाही तिला."

त्या दिवशी तोतारामनं डबा उघडलाच नाही. आईच्या वयाच्या बाईला आपण पोरांदेखत अगं-तुगं केलं. लाजेनं तो स्वतःशीच चडफडत राहिला. शेवटी प्राचार्यांना भेटून तिची नोकरी परत मागितली आणि रविवारी तिच्या गावाची, पहूरची एसटी धरली.

मंजुळाबाईनं बसायला गोणपाट टाकलं, चहा ठेवला. त्याला तिच्याकडे बघवेना.

"चुकलो मी, मंजुळाबाई. उद्यापासून कामावर या. एक महिना वाया गेला म्हणून डोकं फिरलं माझं. तुम्ही महिनाभर मायेनं खाऊ घातलंत, ते मला दिसलंच नाही."

"महिनाभर कसलं, भाऊ?" मंजुळाबाई नवलानं म्हणाली. "तुम्ही नळ्या मांडल्या त्या दिवसापासून रोज सकाळी घालत होते की. आषाढात लेकीच्या बाळंतपणाला पाचोऱ्याला गेले, तेवढाच महिना बिचाऱ्या उपाशी राहिल्या."