वैदेहीचे कागद

व्हिसाचे कागद विद्यापीठाला पाठवायचा तो शेवटचा दिवस होता. लॉकडाऊनमुळे गावातला सायबर कॅफे बंद, म्हणून वैदेहीनं सगळे कागद मोबाइलवर फोटो काढून नेदरलँड्समधल्या नीउ-व्हेनेपला तिच्या वहिनीकडे, स्वानंदीकडे, धाडले होते.

एनस्खेडेच्या त्याच विद्यापीठात तीन वर्षांपूर्वी स्वानंदीलाही प्रवेश मिळाला होता. तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "आधी संसार बघ." आता त्याच सासूबाई व्हिडिओ कॉलवर साऱ्या गोतावळ्याला लेकीचं कौतुक ऐकवत होत्या. स्वानंदीच्या जिवाचा नुसता जळफळाट व्हायचा. नणंदेला तिनं दोनदा खोटंच सांगितलं, "साइट बंद आहे गं." तारीख उलटली की प्रश्नच मिटणार होता.

दुपारी पुन्हा फोन आला. वैदेही कुजबुजत होती. "वहिनी, कसंही करून आज पाठव. यंदा जमलं नाही तर पन्नास माणसांत लग्न उरकून टाकायचं ठरलंय. मुलगाही बघून ठेवलाय."

"कुणी?"

"दादानं."

दादा, म्हणजे स्वानंदीचा नवरा, पलीकडच्या खोलीत ऑफिसच्या मीटिंगमध्ये बोलत होता. स्वानंदीनं उठून दार लावून घेतलं आणि एकेक करत सगळे कागद साइटवर चढवले. पोच आल्याचं कळताच वैदेहीला रडू फुटलं.

"वहिनी, तुझ्या वेळी तू गप्प का गं बसलीस?"

"मला कुठं वहिनी होती!" स्वानंदी म्हणाली.