वसुलीचे दिवस

चौऱ्याऐंशी साली विद्यावतीच्या मळ्यातली अँथुरियमची फुलं मॉरिशसमधल्या प्लेन मान्येन गावच्या विमानतळावरून फ्रान्सला जायची. पंधरा दिवसांत ती तिथं सुकूनही जायची, पण त्यांचे पैसे यायला चार महिने लागायचे. तोवर मजुरी भागवायची कशी? शेवटी तिनं बँकेत जाऊन मॅनेजर यशपालसाहेबांपुढे कर्जासाठी हात जोडले.

"मादाम, माल गेल्यावर पैसे किती दिवसांत येतात, हे बँक आधी बघते," साहेब म्हणाले. "उशिरा देणाऱ्यांना माल बंद करा. आकडा तीस दिवसांवर आणा, मग कर्जाचं बोलू."

काळजावर दगड ठेवून तिनं फ्रान्सच्या व्यापाऱ्यांना एकेक करून नकार कळवला. मग मजुरणींनाही घरी पाठवावं लागलं. जाताना कुंतीनं विचारलं, "वहिनी, फुलं तर अजून येतायत. मग आम्ही का जायचं?" विद्यावतीला तिच्याकडे बघवेना.

वर्षभरानं ती पुन्हा बँकेत गेली. हिशोब बघून साहेब चकितच झाले. "दोन दिवसांत वसुली! अशी तर मोठ्या कंपन्यांचीही नसते." पान उलटलं तसा त्यांचा चेहरा उतरला. "पण मादाम, विक्रीच राहिली नाही. कर्ज कशाच्या जोरावर देऊ? आता फुलं घेतं तरी कोण?"

"गावात कुणी गेलं की नेतात, साहेब," विद्यावती कशीबशी म्हणाली. "मयताच्या फुलांची उधारी कुणी ठेवत नाही."