हाताचा जोर

सकाळी सव्वादहाला, सत्त्याऐंशी वर्षांच्या हिंदुरावांना हृदयविकाराचा झटका आला म्हणून सांगलीच्या दवाखान्यात आणलं. अंगात ताकद असेल तर अँजिओप्लास्टी, नाहीतर नुसती औषधं. डॉक्टर त्यांच्या बायकोला विचारू लागले. बासष्ट वर्षांच्या संसारात मनुबाईंच्या शब्दाला आज पहिल्यांदा किंमत होती.

“आजी, कालपर्यंत चालत होते?”

“न्हाई वं. धरून उठवावं लागायचं.”

“जेवण?”

“मीच भरवायची.”

“हाताला जोर?”

“कसला जोर? भाकरीबी मोडत न्हाई.”

बोलता बोलता त्यांनी पदर मनगटावर ओढला. डॉक्टरांनी तो हलकेच बाजूला केला. काल रात्री नवऱ्यानं पिरगाळलेल्या मनगटावर पाचही बोटं काळीनिळी उमटली होती.

“हे काय?”

“म्हशीनं दावं हिसकलं.”

डॉक्टरांनी कागदावर अजून काही लिहिलेलं नाही.