हिरवा चुडा
बारा वर्षं धारवाडच्या कॉलेजात मुलींना फुटबॉल शिकवताना वैजयंतीबाईंनी एकच पाहिलं होतं: लग्न झालं की पोरगी परत येत नाही. दीपश्री मात्र सत्त्याण्णव सालच्या अंतिम सामन्याला आली, हिरव्या चुड्यासकट. काचेच्या बांगड्या घालून खेळता येणार नाही, पंचांनी बजावलं. महिन्याभराच्या नवरीला चुडा उतरव कोण म्हणणार? बाई राखीव मुलीला हाक मारणार तोच हुबळीच्या दाजीबानपेठेतून आलेल्या सासूबाई उठल्या. नळावर साबण लावून त्यांनी सुनेच्या बांगड्या अलगद काढल्या, मनगटांना हळदीचा दोरा बांधला आणि त्या बाईंकडे वळल्या. "अक्का, हात पुढे करा. चुडा खाली ठेवत नाहीत." बाई मागे सरकल्या. "माझे यजमान जाऊन दहा वर्षं झाली." "ठाऊक आहे. करा पुढे." दीपश्रीनं गोल मारला. एरवी साध्या पासलाही टाळ्या पिटणाऱ्या बाई चुड्यानं भरलेले हात जपून उभ्या राहिल्या.